यकृतातली शिदोरी

उपाशीपोटीच्या तपासणीत साखर १०० आली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. ती चमचाभर साखर एकटा मेंदूच तासाभरात संपवेल. तरीही रात्री नऊला जेवलेला माणूस सकाळी सातला ठणठणीत उठतो. जेवणातली साखर पहाटेपर्यंत पुरत नाही. पहाटे मेंदूला भरवतं ते यकृत.

हे पहिल्यांदा कळलं पॅरिसमध्ये. तोवर समज असा, की साखर वनस्पतींनी तयार करावी आणि प्राण्यांनी ती फक्त जाळावी. क्लोद बर्नार यांना मात्र नुसतं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तातही साखर सापडली. १८५५ साली त्यांनी ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून सुमारे ४० मिनिटं थंड पाणी सोडलं, साखर पार धुऊन गेल्याची खात्री केली आणि ते यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर त्यात पुन्हा भरपूर साखर! प्राणी मेलेला, रक्त वाहून गेलेलं, बाहेरून काही आलेलं नाही. तेव्हा साखर देणारा पदार्थ यकृतातच दडलेला असणार. १८५७ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

ज्वारीच्या भाकरीचा घास सावकाश चावत राहिलं की तोंडात गोडसर चव उतरते. लाळेतला विकर, म्हणजे एन्झाइम, पिठातल्या लांब साखळ्या तोडू लागल्याची ती खूण. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि सुटं झालेलं ग्लुकोज रक्तात येतं. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि यकृत व स्नायू साखर साठवू लागतात. पण ती सुटी ठेवून चालत नाही. सुटे कण जितके जास्त, तितकं पाणी पेशीत ओढलं जातं. म्हणून बुंदीचा लाडू वळावा तसे हजारो कण जोडून एक गोळा केला जातो. त्याला झाडासारख्या फांद्या असतात. गरज पडली की अनेक टोकांवरून एकाच वेळी साखर खुडता येते. ही खुडणी कशी होते ते उलगडणारं कोरी दांपत्य, गर्टी आणि कार्ल, १९४७ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅम. पण म्हणून स्नायू मोठे दाते ठरत नाहीत. साठ्यातून खुडलेल्या साखरेला फॉस्फेट चिकटलेलं असतं. ते काढून साखर रक्तात सोडणारा विकर यकृताकडे आहे, स्नायूकडे नाही. मांडीतली साखर मांडीच वापरणार. १९६६ मध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी हे स्वतःच्या पायांवर पाहिलं. व्यायामाच्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारत तो पाय पार दमवला. मग मांडीत सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे काढले. दमलेल्या पायातला साठा जवळजवळ संपला होता; विसावलेल्या पायातला होता तसाच. नंतर तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण घेतल्यावर दमलेल्या पायाने दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट साठा केला. शर्यतीआधीचे काही दिवस धावपटू भातावर आणि बटाट्यावर भर देतात, ते उगाच नव्हे.

६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटर धावायला सुमारे २,५०० कॅलरी लागतात, आणि ५०० ग्रॅम ग्लायकोजेन देतं २,०००. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात लागतो, नेमका साठा तळाला जात असताना. पाय शिशाचे होतात. धावणारे त्याला ‘वॉल’ म्हणतात. अंगावर किलोंनी चरबी असते, पण ती तितक्या वेगाने जळत नाही.

या साठ्यापायी एक मोठा गैरसमज फोफावला आहे. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून असतो. भात-पोळी सोडली की साठा उतरतो आणि ते पाणीही जातं. पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, त्यात चरबी थोडीच असते. ते आकडे दाखवून आहाराचे कार्यक्रम विकणं ही मला शुद्ध फसवणूक वाटते.

उपासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीच्या उपासाने साठा रिकामा होत नाही, भरतो. निरंकार उपासात मात्र यकृतातला साठा साधारण एका दिवसात संपत येतो. त्याआधीपासूनच यकृत प्रथिनांच्या घटकांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवी साखर घडवू लागलेलं असतं. निरोगी माणसाचं त्यावर निभावतं. पण इन्शुलिनचं एक कामच मुळी यकृताला साखर सोडण्यापासून रोखण्याचं आहे. निरोगी शरीर उपाशीपोटी आपलं इन्शुलिन आपोआप कमी करतं. टोचून घेतलेलं इन्शुलिन तसं कमी होत नाही, आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्याही उपास आहे म्हणून थांबत नाहीत. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घरात आई-वडील, आजी-आजोबा अशा औषधांवर असतील, तर पुढच्या एकादशीआधी त्यांच्या डॉक्टरांना मात्रेबद्दल जरूर विचारा.