घास भरविण्याचे शास्त्र : आजारी गिनीपिगची घरगुती शुश्रूषा

घरात पाळलेला गिनीपिग आजारी पडल्याचे पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येते. हा प्राणी मूळचा भक्ष्यवर्गातील. रानात दुबळेपणा दाखविणारा जीव शिकारी प्राण्याच्या नजरेस प्रथम पडतो. म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा उपजत स्वभाव झाला आहे. भाजी निवडण्याचा आवाज ऐकताच एरवी शीळ घालणारा हा प्राणी एके सकाळी कोपऱ्यात केस पिंजारून बसतो, पुढ्यातील कोथिंबीर हुंगून सोडून देतो, आणि पिंजऱ्यातील लेंड्या संख्येने कमी व आकाराने बारीक दिसू लागतात. अशा वेळी घरच्या मंडळींच्या हाती फारसा अवधी नसतो. धडधाकट कुत्रा एखादा दिवस उपाशी राहिला तर सहसा बिघडत नाही. गिनीपिगच्या मात्र तेवढाच उपवास जिवावर बेतू शकतो. असे का व्हावे, याचे उत्तर त्याच्या पोटात सापडते.

उपवास का सोसत नाही?

गिनीपिगचे मुख्य अन्न गवत. गवतातील चिवट तंतू कोणताही सस्तन प्राणी स्वतःच्या पाचकरसांनी पचवू शकत नाही. त्यासाठी त्याला सूक्ष्मजंतूंची मदत घ्यावी लागते. गाईच्या पोटात हे काम जठराच्या पहिल्या कप्प्यात चालते. गिनीपिगमध्ये ते लहान आतड्याच्या पुढे असलेल्या उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत चालते. त्याच्या पचनमार्गातील एकंदर ऐवजापैकी निम्म्याहून अधिक भाग या एका पिशवीत साठलेला असतो. तंतुमय अन्न सतत येत राहिले तरच आतड्यांची हालचाल चालू राहते. अन्न थांबले की हालचाल मंदावते, वायू साठतो, उपकारक सूक्ष्मजंतू कमी होतात आणि क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जंतू माजतात. पोट दुखू लागल्यामुळे प्राणी अधिकच अन्न टाळतो. त्याला ओकारीही काढता येत नाही. त्यातच शरीरातील चरबी वेगाने यकृताकडे धाव घेते आणि यकृत निकामी होण्याचा धोका उद्भवतो.

दातांचीही एक अडचण असते. गिनीपिगला एकूण २० दात असून ते सर्व जन्मभर वाढत राहतात. गवत चावताना होणाऱ्या घर्षणानेच ते झिजतात. चावणे थांबले की दाढा वाढतात, कधी जिभेवर कमान धरतात, आणि मग भूक असूनही घास गिळता येत नाही. म्हणून न खाणे हे कधी रोगाचे लक्षण असते, तर कधी रोगाचे कारणच बनते.

माणसाशी असलेले एक नाते

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्याच शरीरात तयार करतात. मनुष्य आणि गिनीपिग यांना ते साधत नाही. ही गोष्ट एका योगायोगाने उजेडात आली. १९०७ साली नॉर्वेतील ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे आक्सेल होल्स्ट व थेओडोर फ्रोलिख हे बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना बेरीबेरी न होता खलाशांना ग्रासणारा स्कर्व्ही झाला. पुढे १९३२ साली हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व त्यांच्या सहकाऱ्याने गिनीपिगवरच प्रयोग करून स्कर्व्ही टाळणारे द्रव्य कोणते, हे दाखविले. सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या एका जुन्या रोगाचे कोडे सुटले ते या लहानशा प्राण्यामुळे.

निरोगी गिनीपिगला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. आजारात ही गरज ३० मिलिग्रॅमपर्यंत जाते. त्याची उणीव पडली की सांधे सुजतात, हिरड्या दुखतात आणि जखमा भरत नाहीत. पाण्यात मिसळलेले क जीवनसत्त्व लवकर नाश पावते. म्हणून ते पशुवैद्याने ठरविलेल्या मात्रेत तोंडावाटे देणे बरे. ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड ही आपल्या बाजारात सहज मिळणारी साधने आहेत. पेरू गोड असल्याने तो मात्र बेतानेच द्यावा.

प्रथम पशुवैद्य, मग घास

हाताने भरविणे हा उपचाराचा एक भाग आहे. तो निदानाची जागा घेऊ शकत नाही. पोट ढोलासारखे ताठ फुगले असेल, किंवा आतड्यात अडथळा असेल, तर बळाने भरविल्याने अपायच होतो. म्हणून आधी तपासणी व्हावी. घरातील माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. पेनिसिलिन गिनीपिगला मारक ठरते, हे १९४३ सालीच दिसून आले होते. माणसाला बरे करणारी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे गेली की उंडुकातील उपकारक जंतू मरतात व घातक जंतूंना रान मोकळे मिळते.

आपल्याकडे आजाऱ्याला दूध-पोळी किंवा भाताची पेज देण्याची रीत आहे. मायेपोटी तीच गिनीपिगलाही दिली जाते. त्याच्या पोटाला मात्र दूध आणि पिष्टमय पदार्थ दोन्ही मानवत नाहीत. त्याला तंतूच हवेत. पशुवैद्याकडे मिळणारी तृणभक्षकांसाठीची खास पूड उत्तम; ती न मिळाल्यास नेहमीच्या खाद्याच्या गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यांचा गुळगुळीत लगदा करावा.

भरविण्याची रीत

प्राण्याला मऊ पंचात सैलसर गुंडाळून मांडीवर किंवा मेजावर त्याच्या नेहमीच्या बैठकीतच ठेवावे. उताणे कधीही धरू नये. सुई काढलेली १ मिलिलिटरची पिचकारी ओठांच्या बाजूने, पुढचे दात व दाढा यांमधील मोकळ्या जागेतून हळूच आत सरकवावी. गिनीपिगच्या टाळूचा मागील मऊ भाग जिभेच्या मुळाशी जोडलेला असून अन्न मागे जाण्यास फक्त एक अरुंद छिद्र असते. यासाठी एका वेळी अर्ध्या मिलिलिटरहून अधिक लगदा सोडू नये. प्राण्याने चावून गिळल्याचे पाहावे आणि मगच दुसरा घास द्यावा. घाई केल्यास अन्न श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसांचा दाह होतो. प्राणी खोकला किंवा धडपडला तर लगेच थांबावे.

एक किलो वजनाच्या प्राण्याला दिवसाकाठी सुमारे ५० ते ८० मिलिलिटर लगदा लागतो. तो पाच-सहा वेळांत, रात्रीचीही एखादी वेळ धरून, विभागून द्यावा. नेमके प्रमाण पशुवैद्य ठरवील. प्रत्येक वेळी हनुवटी पुसावी, कारण ओलसर केसांखालची कातडी लवकर चिघळते. ताजे गवत व पाणी सदैव समोर असावे. उन्हाळ्यात पिंजरा सावलीत व वाऱ्याशी ठेवावा. ३० अंशांपलीकडची उष्णता धडधाकट गिनीपिगलाही सोसवत नाही.

नोंदवहीचे महत्त्व

या शुश्रूषेत स्वयंपाकघरातील तराजू फार मोलाचा ठरतो. रोज ठराविक वेळी वजन करून ते वहीत लिहावे. जोडीला दिलेला लगदा व पडलेल्या लेंड्या यांचीही नोंद असावी. मूळ वजनात १० टक्के घट आली तर प्रकृती गंभीर समजून तत्काळ पशुवैद्याला दाखवावे. घरातील मुलांकडे ही वही सोपवावी. मोजणे, लिहिणे आणि कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहणे, ही शास्त्राची पहिली शिकवण त्यांना येथे सहज मिळते.

सुधारणा बहुधा हळूहळू येते. आधी लेंड्या पुन्हा टपोऱ्या होतात. मग वजनाची घसरण थांबते. नंतर एखाद्या पहाटे रात्री ठेवलेल्या गवताची जुडी विस्कटलेली दिसते. तरीही भरविणे एकाएकी बंद करू नये. प्राणी स्वतः खाऊ लागेल त्या प्रमाणात पिचकारीतला लगदा कमी करीत जावे आणि दोन-तीन दिवस वजन स्थिर राहिल्यावर तो थांबवावा. एके सकाळी भाजी निवडताना पिंजऱ्यातून पुन्हा शीळ ऐकू आली, म्हणजे वहीतले शेवटचे पान लिहावयास हरकत नाही.