चाकणचा बुरूज आणि जात्याची घरघर

चाकणच्या बाजारपेठेतून, टेम्पोंच्या गर्दीतून वाट काढत गेलं की संग्रामदुर्गाची ढासळलेली तटबंदी दिसते. हा भुईकोट, त्यामुळे ना डोंगराचा आधार ना दरीचा. १६६० साली किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून दारू ठासली, बुरूज उडवला, आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली, हायलँड्सची गाणी ऐकताना मला हाच बुरूज आठवतो. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सची फौज हरली आणि तिकडची कितीतरी गाणी त्या हारीवर पोसली. पळणाऱ्या राजपुत्राची होडी स्काय बेटाकडे निघते ते गाणं आज जगभर ‘जुनं लोकगीत’ म्हणून गायलं जातं. त्याचे इंग्रजी शब्द मात्र १८८०च्या दशकातले, म्हणजे लढाईनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेले. हार जुनी झाली की तिच्यावर गोडवा चढतो, असं दिसतं!

आपल्याकडे लढाया गाण्यात आणण्याचं काम शाहिराचं. डफावर थाप पडते, तुणतुणं सूर धरतं आणि झीलकरी ‘जी जी’ म्हणत मागून साथ देतात. अफझलखानाच्या वधावर अगिनदासाचा पोवाडा आहे, सिंहगडावर तुळशीदासाचा. शालिग्राम आणि ॲक्वर्थ या जोडीने असे पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. त्यातले ॲक्वर्थ हे इंग्रज सनदी अधिकारी, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. हरलेल्या लढाया शाहिरांनी टाळल्या असंही नाही. पानिपतावरही पोवाडे आहेत. पण प्रतापगड-सिंहगडाच्या पंगतीत चाकणला पान मिळालं नाही, याची मला चुटपुट लागते.

लढाया पोवाड्यात गेल्या. नद्या, वाटा, माहेर हे सगळं बायकांच्या ओवीत आलं. पहाटे जात्यासमोर दोघी बसायच्या, खुंटा फिरायचा आणि घरघरीच्या लयीवर आळंदी, देहू, इंद्रायणी, भाऊ, सासू सगळे गाण्यात यायचे. हायलँड्समध्येही विणलेलं ओलं लोकरी कापड घट्ट करण्यासाठी बायका गोल बसून ते आपटत. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. श्रमाला ताल हवा असतो, मग दळण असो की कापड. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मुळशी, मावळ आणि इतर भागांतल्या गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. त्याच मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला होता आणि सेनापती बापट त्यात पुढे होते. हायलँड्समध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळं हुसकली गेली, इथे विजेच्या धरणासाठी. मुलूख गेला की धरून ठेवायला गाणंच तेवढं उरतं.

मग गावोगाव विजेची गिरणी आली. हातचं जातं थांबलं आणि त्यासोबत ओवीही. दळायला डबा पाठवला की गायचं कुणी आणि का?

पण लग्नाच्या हळदीला जातं अजून लागतं. पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीतसुद्धा कुणीतरी ते गावाहून आणतं, त्याला सुपारी बांधतात, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावतात. खाली मांडवात डीजे चालू असतो. वर एखादी आजी, दोन फेऱ्या झाल्या की, सवयीने गुणगुणायला लागते.