पुलाच्या कामाचं ड्रोन शूटिंग: ठेकेदाराला नेमकं काय विकायचं?

लग्नाचा सीझन संपला की ड्रोन बॅगेत पडून राहतो. मग पुलाच्या कामाचं शूटिंग का घेऊ नये? जरूर घ्या. पण कोटेशन देण्याआधी एवढं वाचा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. समजा, असं काम तुमच्याकडे आलं असतं, तर काय विकलं असतंत?

बहुतेक जण म्हणतील, 'म्युझिक लावून तीन मिनिटांचा भारी व्हिडिओ.' इथेच चुकतं. तो व्हिडिओ उद्घाटनाला एकदा लागतो. ठेकेदाराला दर महिन्याला लागतो तो पुरावा: कोणत्या तारखेला काम कुठपर्यंत आलं होतं. रनिंग बिलाच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

फेरीवर दर लावा. १६५ दिवसांचं काम, दर १५ दिवसांनी एक फेरी, म्हणजे ११ फेऱ्या. प्रत्येक फेरीत पेट्रोल, पायलटचा दिवस, बॅटरीची झीज आणि हार्ड डिस्क धरा. पावसामुळे फेरी रद्द झाली तर काय, हेही आधीच लिहून घ्या.

जागा ठरवून ठेवा. चार-पाच पॉइंट, तीच उंची, तोच कोन, शक्यतो तीच वेळ. फ्रेम बदलली की तुलना संपली. मूळ फाइल जपा, नावात तारीख टाका.

झाकलं जाणारं आधी घ्या. जूनमध्ये नदी भरली की पाया पाण्याखाली जातो. काँक्रीट पडलं की सळई दिसत नाही. म्हणून साइट इंजिनिअरकडून तारखा घ्या आणि त्याच्या आदल्या दिवशी पोचा. ही संधी परत येत नाही.

कागद पूर्ण ठेवा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन उडवला की लागतं. ड्रोनचा यूआयएन हवा. नॅनो सोडून बाकींना थर्ड पार्टी विमाही हवा. ग्रीन झोनची मर्यादा ४०० फूट. पण झोन बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी नकाशा बघा. साइटची परवानगी लेखी घ्या.

पोलादपूरकडे घाटात जास्त जपा. स्क्रीनवरची उंची सहसा टेकऑफच्या जागेपासूनची असते. समोर डोंगर चढत असेल तर स्क्रीनवर ३०० फूट दिसतात आणि प्रत्यक्षात ड्रोन झाडांना टेकलेला असतो! नजरेआड जाऊ देऊ नका.

शेवटी एक सांगतो. आपला व्हिडिओ प्रगती दाखवतो, मजबुती नाही. 'काम दर्जेदार' असं कॅप्शन कुणी मागितलं तरी टाकू नका. ते इंजिनिअरच्या तपासणीचं काम. आपण फक्त तारीख आणि जागा लिहायची. त्या पुलावरून उद्या आपलीच एसटी जाणार आहे.

या आठवड्यात ११ फेऱ्यांचं एक कोटेशन कागदावर मांडून बघा. लग्नाच्या रेटपेक्षा हिशोब किती वेगळा आहे, ते लगेच कळेल.