स्तनातील गाठ : भीती नको, तपासणी हवी

चाळिशी उलटते, पाळी मागेपुढे होऊ लागते आणि एके दिवशी आंघोळ करताना हाताला गाठ लागते. मनात लगेच कर्करोगाची शंका येते. पण भीतीने म्हणा, संकोचाने म्हणा, घरात कोणालाच सांगितले जात नाही. खरे तर या वयातल्या बऱ्याचशा गाठी साध्या असतात. मात्र आपली गाठ साधी आहे की नाही, हे तपासणीनेच ठरते.

बदल का होतात?

रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेनचे प्रमाण सतत वरखाली होते. त्यामुळे स्तन ठणकतात, जड वाटतात. पाण्याने भरलेल्या गाठी ३५ ते ५० या वयात अधिक आढळतात. पाळी थांबल्यावर त्या बहुधा जिरतात. संप्रेरकांच्या गोळ्या चालू असल्यास मात्र राहू शकतात. तरुणपणापासून असलेली, बोटाखाली सरकणारी गाठही पुढे आक्रसते. दूधवाहिन्या रुंदावून स्तनाग्रातून हिरवट, चिकट स्राव येणे हेही याच वयातले. नुसते दुखणे हे सहसा कर्करोगाचे लक्षण नसते. उलट कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते.

केव्हा थांबू नये?

पाळी चालू असताना लागलेली गाठ पाळीनंतर विरून जाऊ शकते. पाळी कायमची थांबल्यावर हा हिशेब चालत नाही. तेव्हा नवी गाठ लागली की लगेच दाखवावी. रक्तमिश्रित स्राव, आत ओढलेले स्तनाग्र, त्वचेला पडलेली खळी किंवा काखेतली गाठ कोणत्याही वयात दुर्लक्षू नये.

डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी वा सोनोग्राफी करतात आणि गरज भासल्यास सुईने तुकडा काढून तपासतात. संकोच वाटत असेल तर स्त्री-डॉक्टरांची वेळ मागावी.

बंगळुरूच्या किदवाई कर्करोग संस्थेत १९८२ पासून शहरातील कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते. या नोंदीनुसार स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. पण दिलासाही आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात.

घरातल्या सर्वांची दुखणी लक्षात ठेवणाऱ्या गृहिणीने या एका तपासणीसाठी स्वतःकरता अर्धा दिवस जरूर काढावा.