छोटा पडदा, बारीक अक्षर



दासगावहून महाडला महाविद्यालयात येणारा माझा एक विद्यार्थी एके दिवशी हिरमुसला होऊन आला. म्हणाला, "सर, संगणकाच्या मोठ्या पडद्याशेजारी ठेवायला सात इंची छोटा पडदा घेतला. खोक्यावर १९२० × १०८० असे छापले आहे. पण मराठी टिपणे वाचताच येत नाहीत. 'रंग' आणि 'रग' सारखेच दिसतात!"

मोठ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि शेजारच्या छोट्या पडद्यावर टिपणे उघडी ठेवायची, असा त्याचा बेत होता. बेत चांगलाच, पण घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे फुकट गेले की काय, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. दोष कोणाचा? डोळ्यांचा, पडद्याचा की आणखी कशाचा? चला, शोधून काढू या.

जाळ्याने शिकवलेला धडा

दासगाव सावित्रीच्या खाडीकाठी वसले आहे. काठावर मासेमारीचे जाळे वाळत घातले आहे, अशी कल्पना करा. जवळून पाहिले तर त्यातला चौकोन न् चौकोन मोजता येतो. मागे सरकत गेलो, की एका ठिकाणी सगळे चौकोन नाहीसे होतात आणि जाळे करड्या कापडासारखे दिसू लागते. जाळे तर बदलले नाही! मग बदलले काय? बदलला तो चौकोनाने आपल्या डोळ्याशी केलेला कोन.

निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये सुमारे १ मिनिटाचा कोन असावा लागतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. यावरून एक सोपा हिशेब निघतो : पाहण्याच्या अंतराला ०.०००२९ ने गुणा. त्याहून कमी अंतरावरचे दोन बिंदू डोळ्याला एकच भासतात. दोन सेंटिमीटरचे चौकोन असलेले जाळे सुमारे ६९ मीटरवरून कापड होते, ते यामुळेच.

संगणकाचा पडदा हेही एक जाळेच होय. त्यातल्या प्रत्येक चौकोनाला चित्रबिंदू म्हणतात. चोवीस इंची पडद्यावर आडव्या ओळीत १९२० चित्रबिंदू असले, तर प्रत्येक सुमारे ०.२८ मिलिमीटरचा पडतो. साठ सेंटिमीटरवरून वाचताना डोळ्याची मर्यादा ०.१७ मिलिमीटर आहे. म्हणून तेथे अक्षरांच्या कडा किंचित दातेरी दिसतात. तेवढेच बिंदू १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्यावर ०.१८ मिलिमीटरचे होतात आणि कडा गुळगुळीत भासतात. तेव्हा 'बिंदू किती?' एवढेच विचारून भागत नाही. 'केवढ्या पडद्यावर आणि किती अंतरावरून?' हेही विचारले पाहिजे.

खोक्यावरचा आकडा

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्याकडे वळू. सात इंची पडद्याची रुंदी सुमारे १५४ मिलिमीटर. तिच्यात खरोखर १९२० बिंदू असते, तर प्रत्येक ०.०८ मिलिमीटरचा असता. म्हणजे पाच मिलिमीटरमध्ये सुमारे ६२ बिंदू. आम्ही पडद्यावर पांढरा रंग उमटवला, पट्टी टेकवली आणि घड्याळजीच्या भिंगातून मोजणी केली. लाल, हिरव्या व निळ्या रेघांचा एक गट म्हणजे एक चित्रबिंदू. बिंदू निघाले सुमारे ३३! याचा अर्थ एका ओळीत १९२० नव्हे, तर १०२४ बिंदू होते.

मग खोक्यावर छापले होते ते काय? तो पडदा १९२० × १०८० चा संदेश स्वीकारतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. स्वीकारलेले चित्र मात्र तो १०२४ × ६०० बिंदूंत कोंबतो. आडव्या ओळीत जवळजवळ दोन बिंदूंचे काम एकाला करावे लागते. यात सर्वांत जास्त नुकसान होते ते आपल्या देवनागरीचे. अनुस्वार, रफार, जोडाक्षरातली बारीक गाठ हे सगळे एक-दोन बिंदूंत मावलेले असते. शेजारच्या पांढऱ्यात मिसळून ते फिके पडते आणि 'रंग'चा 'रग' होतो.

भिंग नसेल तर दुसरी कसोटी घ्या. चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये एकेक बिंदू रुंदीच्या काळ्या व पांढऱ्या उभ्या रेषा काढा आणि चित्र १०० टक्के आकारात पाहा. पडदा सांगितल्याप्रमाणे असेल तर रेषा सर्वत्र एकसारख्या येतील. नसेल तर रेषांऐवजी गडद-फिके पट्टे उमटतील. पेटीचे दोन किंचित बेसूर स्वर एकदम वाजवले, की आवाज लयीत कमी-जास्त होतो ना? त्याला विस्पंद म्हणतात. हे पट्टे म्हणजे डोळ्यांना दिसणारे विस्पंदच!

आम्ही संगणकाला सांगितले, की या पडद्याला १०२४ × ६०० बिंदूंचेच चित्र पाठव. त्यासरशी 'रंग'वरचा अनुस्वार ठसठशीत उमटला! पानावर मजकूर कमी मावू लागला खरा. पण पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

चांगला पडदा शोधायचा कोठे?

अनेकदा तो घरातच असतो. जुना टॅब्लेट चालू असेल, तर योग्य प्रोग्रॅम घालून बिनतारी जोडणीने तोच दुसरा पडदा होतो. काही उघडावे लागत नाही. बंद पडलेल्या लॅपटॉपचाही पडदा बहुधा शाबूत असतो. त्याच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी असते. त्या क्रमांकाशी जुळणारे नियंत्रक मंडल मिळवले, की तो संगणकाला जोडता येतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. २०१२ च्या आयपॅडचा ९.७ इंची पडदा २०४८ × १५३६ बिंदूंचा आहे. त्याचा बिंदू ०.१ मिलिमीटरहूनही लहान! हौशी मंडळींनी तोही असाच जोडला आहे. एक लक्षात ठेवा : बिंदू लहान, तर अक्षरही लहान. म्हणून संगणकात मजकुराचा आकार दुप्पट करावा लागतो. त्यामुळे अक्षर मोठे होते आणि रेखीवही राहते.

सावधगिरी मात्र हवी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधील घरे व दुकाने पाण्याखाली गेली. चिखलात बुडालेला लॅपटॉप घरी पडून असेल, तर त्याच्या बॅटरीला हात लावू नका. ती पेट घेऊ शकते. पडद्याच्या थरांत पाणी शिरले असेल, तर डाग जात नाहीत. साधारण २०१० पूर्वीच्या अनेक पडद्यांमागे बारीक नळीदिवा असतो. तो शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्यात पारा असतो. म्हणून असे काम शिक्षक किंवा जाणकार कारागीर यांच्या देखरेखीखालीच करा.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. चौदा इंची लॅपटॉपच्या पडद्याची रुंदी ३१ सेंटिमीटर आहे आणि आडव्या ओळीत १३६६ बिंदू आहेत. किती अंतरावरून त्याचे बिंदू दिसेनासे होतील? उत्तर काढा, मग पट्टी घेऊन प्रत्यक्ष पडताळून पाहा. पुढच्या वेळी दुकानात जाताना हीच पट्टी आणि एक भिंग खिशात असू द्या!