उन्हाचा ताप तापाच्या गोळीने उतरत नाही

आशा योजना 2005 ची. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशाताई. बाळंतपण, लसीकरण हे त्यांचं मूळ काम. हवामानबदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 मध्ये आला आणि उन्हाचे आजारही ताईंच्या प्रशिक्षणाचा विषय ठरले.

अजिंठ्याच्या डोंगराभोवती, सिल्लोड-सोयगावच्या कपाशी-मक्याच्या शिवारात मे महिन्यातही मशागत थांबत नाही. तिथे ताईंना एक खूण पक्की ठाऊक हवी: अंग भाजतंय आणि माणूस बरळतोय, तर उष्माघातच समजायचा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही. पॅरासिटामॉल इथे कामाची नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. कांदा हुंगवण्यात जाणारी दहा मिनिटं महागात पडतात.

(आणि गृहभेटींची पायपीट ताई स्वतः याच उन्हात करतात, हे प्रशिक्षणात कुणी बोलावं!)

पूर्ण शुद्धीवर असलेल्याला ओआरएस द्यायचं, तर मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ग्लासात अंदाजाने चिमूटभर टाकून प्रमाण साधत नाही.