सपाट पायांचे बूट

"तायडे, मे महिन्यात येताना एक बूटजोड आण. धावायचा. सपाट पायवाल्यांचे वेगळे असतात ना, ते."

कराडहून दादाचा फोन होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी तो सैन्यभरतीला गेला. १६०० मीटरची धाव पहिल्या घोळक्यात पूर्ण केली आणि वैद्यकीय तपासणीत 'फ्लॅट फूट' म्हणून बाद झाला. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग दुकानात बसायला लागला. आता रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलीय आणि या गड्याने थेट सातारा हिल हाफ मॅरेथॉन मनात धरली आहे. यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा. बुटांची ऑर्डर देऊन झाल्यावर फोन ठेवता ठेवता त्याने खरा प्रश्न विचारला : "पण आपले पाय चालतील ना गं धावायला?"

'आपले', कारण पाय माझेही तसेच आहेत. ओल्या पायाने फरशीवर उभी राहिले तर अख्खा तळवा उमटतो. क्योतोत आल्यावर कामो नदीच्या काठाने मी धावायला लागले आणि गेल्या वर्षी क्योतो मॅरेथॉनही कशीबशी पूर्ण केली. 'कशीबशी' का, ते पुढे येईल. दादाला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा 'स्टॅबिलिटी' बूट म्हणजे काय ते बघू. धावताना आपल्यापैकी बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते. मग घोट्याखालच्या सांध्यातून ती आतल्या बाजूला कलते, पायाची कमान थोडी दबते आणि पाऊल सैल होऊन जमिनीवर पसरतं. या कलण्याला प्रोनेशन म्हणतात. हा आजार नाही. शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीएवढा भार पाव सेकंदात पेलायचा असतो, त्यातला काही भाग या कलण्यात जिरतो. पुढच्या क्षणी पाऊल उलट फिरतं, कडक होतं आणि चवड्यावरून तरफेसारखं आपल्याला पुढे ढकलतं. आतल्या बाजूचं कलणं जास्त झालं किंवा फार वेळ टिकलं की त्याला 'ओव्हरप्रोनेशन' म्हणायची पद्धत आहे. किती म्हणजे जास्त, याची सर्वमान्य रेघ मात्र कुणी आखलेली नाही, हे ध्यानात ठेवा.

हे कलणं आवरण्यासाठी बूटवाल्यांनी केलेली जुनी युक्ती अगदी सुताराची आहे : पाचर. बुटाच्या तळाच्या मधल्या थरात, कमानीच्या बाजूला जास्त घट्ट फोम घालायचा, म्हणजे आतली बाजू कमी दबेल. जुन्या बुटांत हा तुकडा करड्या रंगाचा असायचा, अंगठ्याने दाबला की लगेच कळायचा. या जातीतला सगळ्यांत प्रसिद्ध बूट इथून तासाभरावर, कोबेत जन्मला : आसिक्सचा जेल-कायानो, १९९३ साली. त्याचा आराखडा करणाऱ्या तोशिकाझु कायानो यांचंच नाव बुटाला दिलं. (आसिक्सशी माझा संबंध गिऱ्हाइकाचा, आणि तोही सेल लागला तरच.) गंमत म्हणजे २०२३च्या तिसाव्या आवृत्तीत त्याच बुटातून घट्ट पाचर गेली. तिच्या जागी कमानीखाली उलट मऊ, उसळणारा फोम आला आणि तळ रुंद झाला. आजकाल बऱ्याच कंपन्या याच वाटेने चालल्या आहेत. पाऊल अडवायचं नाही, त्याला बसायला ऐसपैस जागा द्यायची. त्यामुळे 'पाचर दिसत नाही म्हणजे हा स्टॅबिलिटी बूट नाही' हे आता खरं राहिलेलं नाही.

आता दादाच्या प्रश्नाकडे. सपाट पाय म्हणजे धावायला नालायक पाय, हे कुणी मोजून पाहिलंय का? पाहिलंय. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना पायाचा आकार कसाही असो, एकाच प्रकारचे साधे, 'न्यूट्रल' बूट दिले आणि वर्षभर नोंदी ठेवल्या. २०१४ साली निकाल छापून आला : आत कलणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. त्याच्या थोडं आधी अमेरिकेच्या सैन्यदलांनी नव्या जवानांवर मोठे प्रयोग केले होते. एका गटाला तळव्याचा आकार पाहून बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकच बूट. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. दादाला तळव्याच्या आकारावरून घरी पाठवलं गेलं, आणि सैन्याच्याच प्रयोगांत त्या आकारावरून बूटसुद्धा धड ठरवता आले नाहीत. हे त्याला कसं सांगावं, मला अजून समजलेलं नाही.

तो ओल्या पायाचा ठसाही पुरेसा बोलका नसतो. तुम्ही स्वस्थ उभे असताना कमान कशी दिसते तेवढंच तो सांगतो, धावताना ती कशी वागते ते नाही. जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजली की दुकानात निदान ऐकायला मिळतं, तेही तसंच. बहुतेकांची टाच बाहेरूनच टेकते, मग झिजणारही तिथेच.

मग स्टॅबिलिटी बूट हा निव्वळ धंदा आहे का? मलाही काही दिवस तसं वाटलं. पण लक्झेंबर्गमधल्या एका प्रयोगाने मत बदलायला लावलं. तिथे ३७२ हौशी धावपटूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलं. बूट वरून सारखेच, आतल्या बाजूचा आधार मात्र एकाच गटाच्या बुटांत, आणि कुणाला कुठला मिळाला हे धावणाऱ्यालाही माहीत नाही. सहा महिन्यांनंतर आधारवाल्या गटात दुखापती कमी निघाल्या, आणि हा फायदा मुख्यतः ज्यांचे पाय आत कलतात त्यांना झाला होता. २०१६चा हा अभ्यास. याच्या उलट, कॅनडात ८१ स्त्रियांवर झालेल्या लहान अभ्यासात सर्वांत कडक, 'मोशन कंट्रोल' जातीच्या बुटांनी दुखणं वाढवलं होतं.

या सगळ्यातून मी काढलेला अर्थ असा. पाय नुसते सपाट आहेत, पण कुठे दुखत नाही, तर आधाराच्या बुटांची सक्ती नाही. पाय आत कलतात आणि त्याच बाजूला, म्हणजे नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या आत किंवा कमानीत, पुन्हा पुन्हा दुखतं, तर मध्यम आधाराचा बूट वापरून बघण्यासारखा आहे. अगदी कडक बुटाच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. आणि घालून दहा मिनिटं धावल्यावर जो बूट खुपतो तो कितीही शास्त्रीय असला तरी आपला नव्हे. 'कोणता बूट सुखाचा वाटतो' ही कसोटी ऐकायला गावठी वाटते, पण कॅल्गरीच्या बेनो निग यांनी आयुष्यभर बुटांचं यांत्रिकशास्त्र अभ्यासून २०१५ मध्ये तीच मांडली.

आता माझी फजिती. गेल्या वर्षी शर्यतीसाठी मी कार्बन पट्टीचे बूट घेतले. जाड, मऊ, भलताच उसळणारा फोम, आत वाकडी कडक पट्टी. घालून चाललं तरी कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं. पण उलटा धरून पाहिला असता तर दिसलं असतं की तळ कमानीपाशी कमरेसारखा निमुळता आहे. म्हणजे माझं पाऊल जिथे कलतं, नेमका तिथेच टेकू नाही. सरावात हे बूट मी दोनदाच घातले होते, तेही आठ-आठ किलोमीटर. निशिक्योगोकुच्या मैदानातून निघाल्यावर आराशियामा, किन्काकुजी सगळं मजेत पार पडलं. अठ्ठाविसाव्या किलोमीटरनंतर उजव्या घोट्याच्या आत कुणीतरी सुई टोचावी तसं सुरू झालं. नडगीच्या मागून येऊन घोट्याला आतून वळसा घालून कमानीखाली शिरणारी एक कंडरा आहे. तिचा स्नायू हा कमानीचा ब्रेक. प्रत्येक पावलाला तो ताणला जात कमान सावकाश खाली सोडतो. माझ्या वेगाने मॅरेथॉनमध्ये साधारण ४५-५० हजार पावलं पडतात. त्यातली निम्मी उजवी. मऊ, उंच, डगमगत्या तळावर तो ब्रेक आधीच थकला. उरलेलं अंतर मी बरंचसं चालत काढलं आणि हेइआन देवळापाशी पोचले तेव्हा ठरवल्यापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त गेली होती. पुढे दीड महिना धावणं बंद.

घरी बसून मी जो हिशेब केला तो आधीच करायला हवा होता. हे बूट जगासमोर आले ते '४ टक्के' या आकड्याने. पण तो आकडा वेगवान धावपटूंचा. २०२३ च्या एका अभ्यासात हौशी लोकांच्या वेगाला अशाच बुटांनी ऊर्जेची बचत किती होते ते मोजलं. ताशी १२ किलोमीटरला सरासरी १.४ टक्के, ताशी १० ला ०.९ टक्के. काही जणांच्या बाबतीत तर बचत सोडाच, खर्चच वाढला. मी पाच तासांची गडीण, ताशी साडेआठवाली. बचत जशीच्या तशी वेळेत उतरली असं धरलं तरी पाच तासांवर तीन मिनिटंसुद्धा नाहीत. तीन मिनिटांसाठी मी पंचवीस मिनिटं आणि दीड महिना मोजला.

म्हणून यंदा दोन जोड आहेत. रोजच्या सरावाला रुंद तळाचा, मध्यम आधाराचा, जवळपास २७० ग्रॅमचा बूट. शर्यतीला त्याच घराण्यातला, तसाच रुंद तळ पण पट्टी नसलेला, साठएक ग्रॅम हलका. एका बुटामागे १०० ग्रॅम कमी झाले की धावण्याचा खर्च सुमारे १ टक्क्याने घटतो, हे १९८०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. म्हणजे हलकेपणातून अर्धा-पाऊण टक्का मला तसाही मिळतो, घोटा गहाण न टाकता. शर्यतीचा बूट आता आठवड्यातून एकदा पायात असतो आणि एक २५ किलोमीटरची लांब धाव त्यातच करायची असं ठरवलंय. दोन जोड आलटून-पालटून वापरण्याचाही फायदा असावा. लक्झेंबर्गच्याच मंडळींनी २६४ धावपटूंवर २२ आठवडे ठेवलेल्या नोंदींत असे लोक ३९ टक्के कमी वेळा जायबंदी झालेले दिसले. अर्थात दोन जोड बाळगणारे लोक मुळातच जास्त काळजीवाले असू शकतात, तेव्हा त्या आकड्याला दंडवत घालायची गरज नाही.

विकत घेताना मी काय बघते? जुने बूट टेबलावर ठेवून मागून न्याहाळते. टाचेचा कप आतल्या बाजूला झुकला असेल तर ती खरी खूण, तळाच्या झिजेपेक्षा भरवशाची. नवा बूट उलटा करून कमानीपाशी तळ किती रुंद आहे ते पाहते. टाचेचा कप चिमटीत दाबून तो घट्ट आहे ना हे बघते, आणि बूट पिळून पाहते, फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवते. खरेदीला संध्याकाळी जाते, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. जपानी मापं मला आवडतात. आकडा म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, आणि रुंदी वेगळी लिहिलेली, २ई, ४ई वगैरे. लहानपणापासून चपलेत वाढलेल्या आपल्या लोकांचे चवडे अनेकदा पसरट असतात. अशांनी लांबी वाढवून रुंदीची भरपाई करण्यापेक्षा रुंद बूट मागावा, नाहीतर कमानीची जागाच चुकते.

चपलेवरून आठवलं. मणिपाळच्या दोन डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांची अवस्था चपलावाल्यांपेक्षा वाईट. याचा अर्थ आता अनवाणी घाट चढावा असा नव्हे. माझ्या सरावाच्या वाटेवर सान्जोचा पूल लागतो. १९१७ साली एकिदेन ही जपानी लांब पल्ल्याची रिले शर्यत पहिल्यांदा तिथूनच टोकियोकडे निघाली. त्या संघांतले शिझो कानाकुरी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे-बूट, घालून धावले होते. पण ती माणसं अशा पायताणांतच लहानाची मोठी झाली होती. पन्नाशीला टेकलेल्या दुकानदाराने त्यांची नक्कल केली तर पोटऱ्या पहिल्याच आठवड्यात संप करतील.

दादाला मी बूट आणायचं लगेच कबूल केलं नाही. आधी दोन गोष्टी मागितल्या : त्याच्या जुन्या बुटांचा मागून काढलेला फोटो आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलने काढलेला आकार, संध्याकाळी, दोन्ही पायांचा. शिवाय रोज उंबऱ्यावर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायला सांगितल्या, त्या ब्रेकच्या स्नायूसाठी. उतारावर तो स्नायूही राबणार आहे.

काल फोटो आले. गेल्या वर्षीच्या कालनिर्णयच्या पाठीमागे दोन मोठे पंजे काढलेत, उजवा २६.४ सेंटीमीटर, डावा २६.९. बुटांचा कप दोन्हीकडे अगदी सरळ उभा आहे. खाली वहिनीच्या अक्षरात लिहिलंय : 'कुठेही दुखत नाही म्हणतात. खोटं बोलत नाहीयेत, मी बघतेय.' म्हणजे दादाला पाचर नको. सत्तावीसचा, रुंद, साधा बूट पुरे.